डिस्क एकाच जागी अडते तेव्हा

भाचीची तक्रार एवढीच होती, "मामा, लॅपटॉप हल्ली फार हँग होतो." सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप, आत जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज सुरू होत होतं, ब्राउझर उघडत होता. पण साखरपुड्याच्या फोटोंचं फोल्डर उघडलं की सगळं वीस-वीस सेकंद गोठायचं. डिस्कचा दिवा पेटलेलाच राहायचा आणि कान लावला तर आतून बारीक टक्‌टक् ऐकू यायची.

रॅम कमी पडली किंवा व्हायरस शिरला, तर लॅपटॉप सहसा सगळीकडेच मंदावतो. ठरावीक फाइलपाशीच तो अडत असेल, तर मी पहिला संशय डिस्कवर घेतो.

लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. वाचणारं हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. धक्क्याने किंवा झिजेने तबकडीवरचा एखादा कण दुबळा झाला, की तिथला मजकूर नीट वाचता येत नाही. मग डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बघते. वीस सेकंदांत तबकडीचे १८०० फेरे होतात. आपल्याला जे 'हँग' वाटतं, ती डिस्कची धडपड असते.

या धडपडीची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. त्या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती नोंद वाचता येते. भाचीच्या डिस्कपुढे पिवळा रंग आणि 'कॉशन' असा शेरा होता. पण नुसत्या शेऱ्यावर थांबू नये, खालचे आकडे बघावेत. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' म्हणजे निकामी ठरवून राखीव जागेत हलवलेले तुकडे. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता न आलेले, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. मला हा दुसरा आकडा जास्त घाबरवतो, कारण आपला मजकूर या क्षणी तिथेच अडकलेला असतो. तिथे शेवटी १८ दिसत होतं. हा प्रोग्रॅम मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांत मोजून दाखवतो. एक सोळा आणि वर आठ, म्हणजे खरे सेक्टर २४. (नुसता 'सीआरसी एरर'चा, म्हणजे डिस्क आणि लॅपटॉप यांच्यात मजकूर जाताना झालेल्या चुकांचा आकडा वाढत असेल, तर आधी केबल किंवा कनेक्टर तपासावा, तबकडी ठणठणीत असू शकते.)

गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तबकडीच्या तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये 'स्मार्ट'च्या सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही दिसली नव्हती. म्हणून पिवळा रंग दिसला तर तो खरा मानावा, पण निळ्या 'गुड'वर विसंबून बॅकअप टाळू नये. एसएसडीत, म्हणजे चिपवर मजकूर साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तर तबकडीच नसते, त्यामुळे टक्‌टक् ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. ती अनेकदा काही न सांगता जाते.

इथे बरेच जण घाईने विंडोजमधलं डिस्क तपासणारं 'चेकडिस्क' खराब सेक्टरच्या दुरुस्तीसकट चालवतात. कृपा करून आधी ते करू नका. त्यात अख्खी तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि थकलेल्या हेडला तेवढा ताण पुरेसा असतो. डिफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं नको, विंडोज नव्याने टाकणंही नको. आधी कॉपी, तीही जे पुन्हा मिळणार नाही त्यापासून. सविस्तर चाचणी त्यानंतर. आणि टक्‌टक् मोठी, एका लयीत येऊ लागली, तर लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावा.

आम्ही बाहेरची डिस्क जोडली आणि फोटोंपासून सुरुवात केली. सिनेमे, गाणी शेवटी ठेवली. रात्री साडेअकराला कॉपी संपली, तेव्हा २४ चे ५६ झाले होते. दोन फोटो निघालेच नाहीत, बाकीचे सगळे आले.