कर्नल अपडेटनंतर प्रोसेसर का मंदावतो: वेगाच्या कारभाराचा इतिहास

लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा) अपडेट केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर हलायलाच तयार नाही, ही तक्रार बरीच जुनी आहे. दर काही वर्षांनी ती नव्याने डोकं वर काढते. मागच्या वेळी लागू पडलेला उपाय मात्र या वेळी चालत नाही. प्रोसेसरने किती वेगाने धावायचं हे ठरवणारा कारभारी मधल्या काळात बदललेला असतो आणि आपण जुन्याच कारभाऱ्याकडे अर्ज घेऊन जातो.

जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप आणलं. चार्जर लावला की पूर्ण वेग, बॅटरीवर कमी, असे दोनच टप्पे होते. त्याच वर्षी एएमडीचं पॉवरनाऊ आलं आणि ट्रान्समेटाचं लाँगरनही. ट्रान्समेटात तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स नोकरीला होते. लाँगरनमध्ये वेग कधी बदलायचा हे प्रोसेसरसोबत येणारं सॉफ्टवेअरच ठरवायचं, ऑपरेटिंग सिस्टिमने त्यात फार लक्ष घालायची गरज नव्हती. कंपनी टिकली नाही, पण ही कल्पना पुढे दुसऱ्या रूपात परत आली.

लिनक्समध्ये या कामासाठी सीपीयूफ्रेक ही यंत्रणा तयार झाली. तिचं मूळ रसेल किंग यांच्या एआरएम प्रोसेसरवरच्या कामात आहे. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला आणि ती सर्वसामान्यांच्या मशीनवर पोचली. सुरुवातीला कर्नल फक्त वेग बदलण्याची सोय द्यायचा, निर्णय पॉवरनाऊडीसारखे बाहेरचे प्रोग्रॅम घ्यायचे. ऑक्टोबर २००४ मधल्या २.६.९ कर्नलमध्ये ऑनडिमांड गव्हर्नर (वेग किती हवा हे ठरवणारा भाग) आला आणि निर्णयही कर्नलच घेऊ लागला. काम आलं की वेग वर, काम संपलं की खाली. पुढची आठ-नऊ वर्षं बहुतेक लॅपटॉप याच्यावर चालले, आणि इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले याच काळातले आहेत.

त्या काळात खरी आडकाठी असायची ती बायोसची, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची. चार्जर कमी ताकदीचा आहे असं बायोसला वाटलं की ते वरच्या वेगांवर बंदी घालायचं आणि कर्नल मुकाट्याने ती पाळायचा. बायोसची ही मर्यादा न जुमानण्याचा बूट पर्याय (मशीन सुरू होताना कर्नलला द्यायची सूचना) तेव्हापासूनचा आहे. आणखी एक गंमत म्हणजे, बायोसच्या तक्त्यात टर्बोचा (गरज पडली की मूळ वेगाच्या वर जाण्याचा) वेग मूळ वेगापेक्षा फक्त १ मेगाहर्ट्झने जास्त दाखवलेला असे. २४०० च्या वर २४०१ असा आकडा दिसला की समजायचं, हा टर्बो. प्रत्यक्षात प्रोसेसर ३००० च्या पुढे धावत असला तरी आकडा २४०१ च.

मोठा बदल एप्रिल २०१३ चा. ३.९ कर्नलमध्ये इंटेलचा स्वतःचा पी-स्टेट ड्रायव्हर (वेग प्रत्यक्ष बदलणारा भाग) आला, सँडी ब्रिज पिढीसाठी. लिनक्सच्या ज्या वितरणांनी (तयार आवृत्त्यांनी) तो चालू केला तिथे अपडेटनंतर ऑनडिमांड गायब झाला आणि यादीत दोनच नावं उरली: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथे जो घोळ झाला तो आजही निस्तरलेला नाही. जुन्या व्यवस्थेत पॉवरसेव्ह म्हणजे प्रोसेसर कायमचा सर्वांत कमी वेगावर. नव्या ड्रायव्हरमध्ये त्याच नावाचा अर्थ जवळपास ऑनडिमांडसारखा, म्हणजे गरजेप्रमाणे टर्बोपर्यंत जाणारा. नाव तेच ठेवणं हा माझ्या मते शुद्ध आळस होता. लोक सेटिंग उघडतात, पॉवरसेव्ह वाचतात, घाबरून परफॉर्मन्स लावतात, आणि मग पंखा का ओरडतो म्हणून विचारतात.

म्हणून प्रोसेसर अडकल्यासारखा वाटला की गव्हर्नरच्या आधी, कोणता ड्रायव्हर चालू आहे ते सांगणारी स्केलिंग ड्रायव्हरची फाइल उघडावी. ती सिस्टिमच्या सीपीयू फोल्डरमध्ये, सीपीयूफ्रेकच्या खाली असते. शेजारच्याच फाइलमध्ये कमाल मर्यादा किलोहर्ट्झमध्ये लिहिलेली असते. तिथे ८००००० दिसलं तर कोणीतरी मर्यादा घातली आहे. तिथे पूर्ण वेग असून प्रत्यक्ष वेग वर जात नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

२०१५ च्या इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून स्पीड शिफ्ट आलं आणि लाँगरनच्या धर्तीवर निर्णय पुन्हा प्रोसेसरच्या आत गेला. कर्नल आता फक्त कल सांगतो, वेग हवा की बचत. जुलै २०१६ च्या ४.७ मध्ये कर्नलच्या कामवाटपाच्या हिशोबावरून वेग ठरवणारा स्केड्युटिल गव्हर्नर आला. मे २०२० च्या ५.७ कर्नलने स्पीड शिफ्ट नसलेल्या जुन्या इंटेल मशीनना पुन्हा गव्हर्नरच्या ताब्यात दिलं. ड्रायव्हरचं नाव एका अपडेटमध्ये इंटेल-पीस्टेटवरून इंटेल-सीपीयूफ्रेक झालं आणि जुन्या स्क्रिप्ट उगाच मोडल्या.

कधी वेग बदललेलाच नसतो, फक्त आकडा बदलतो. २०१७ च्या ४.१३ कर्नलमध्ये सीपीयूइन्फो फाइलमधला मेगाहर्ट्झचा आकडा मूळ वेगावर गोठला. टर्बो बंद पडला म्हणून ओरड झाली, पण मोजून पाहिलं तर कामाला तेवढाच वेळ लागत होता. पहिली दुरुस्ती ४.१४ बाहेर पडण्याच्या तोंडावर मागे घ्यावी लागली, कारण खूप कोअर असलेल्या मशीनवर ती फाइल वाचायलाच फार वेळ लागू लागला. निकाल ४.१५ मध्ये लागला.

उलटंही होतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष उघडकीला आले, आणि त्यांवरच्या उपायांनी आकडा तोच ठेवून काम मंदावलं. त्याच वर्षाच्या शेवटी ४.२० तयार होत असताना यातला एक उपाय सगळ्या प्रोग्रॅमना सरसकट लागू झाला. काही कामं इतकी हळू झाली की टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती दाखवली आणि उपाय मोजक्या प्रोग्रॅमपुरता ठेवण्यात आला. ४.१५ पासून सीपीयूच्याच फोल्डरमध्ये व्हल्नरेबिलिटीज नावाचा भाग आहे, कोणता उपाय लागू आहे ते तिथे वाचता येतं.

अपडेटवर विनाकारण खापर फुटतं असं एक प्रकरण मात्र वेगळं आहे. चार्जर ओळखला गेला नाही किंवा एखादा सेन्सर बिघडला की मदरबोर्ड प्रोसेसरला ‘तापलो आहे’ असा इशारा देतो, आणि तो ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर रुतून बसतो, हात लावला तर गार असला तरी. अपडेटसाठी मशीन बंद-चालू केलेलं असतं, त्यामुळे संशय कर्नलवर जातो. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून जुना कर्नल निवडून बघितलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. तिथेही तोच रुतलेला वेग दिसला तर आधी दुसरा चार्जर लावून पाहावा.

एएमडीच्या लॅपटॉपवर हीच कारभारीबदली अलीकडची आहे. मार्च २०२२ च्या ५.१७ मध्ये एएमडी पी-स्टेट ड्रायव्हर आला. ऑगस्ट २०२३ च्या ६.५ पासून तो पात्र रायझनवर आपोआप लागू होतो, तोही निर्णय प्रोसेसरवर सोपवणाऱ्या ॲक्टिव्ह पद्धतीत. इथेही अपडेटनंतर ऑनडिमांड आणि स्केड्युटिल यादीतून जातात आणि परफॉर्मन्स-पॉवरसेव्हची जोडी उरते. बूट पर्यायात हाच ड्रायव्हर पॅसिव्ह केला की जुने गव्हर्नर परत दिसू लागतात.