अंगठ्याचं काम तारेकडे आलं तेव्हा

पावसात डोंगर फिरून आलेली सायकल दोन दिवसांनी काढली की तिचं एक दुखणं हमखास जाणवतं. मागच्या चाकाच्या मोठ्या चकतीवर चेन नीट चढते, पण लहान चकतीवर उतरताना अडखळते. चढवताना तार अंगठा ओढतो आणि अंगठ्याला भरपूर जोर असतो. उतरवताना मात्र डिरेलरमधल्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागातल्या, स्प्रिंगला ती परत खेचायची असते. तारेवरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, चिखल वाळला असेल, तर स्प्रिंग बिचारी कमी पडते. आपण डिरेलरचे स्क्रू पिळत बसतो आणि दोष असतो तारेत.

आउटरमधून सरकणारी ही तार जुनी आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांचं पेटंट १८९६ सालचं, म्हणून तिला आजही बाउडेन केबल म्हणतात. आधी ती ब्रेकला लागली, गिअरला नंतर. टूर द फ्रान्समध्ये तर स्पर्धकांना डिरेलर वापरायला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती.

माउंटन बाइकचा जन्म गिअरच्या तारेविनाच झाला. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ एका उतारावर १९७६ पासून ‘रिपॅक’ नावाची शर्यत होऊ लागली. जेमतेम साडेतीन किलोमीटरात सुमारे ४०० मीटर खाली. सायकली जुन्या, जाड टायरच्या, बऱ्याचशांचे ब्रेक पेडल उलटं दाबून लागणारे. खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकाच्या मधल्या भागातलं, म्हणजे हबमधलं, ग्रीस जळून जायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं, त्यावरून ते नाव पडलं. वर जायचं तर सायकल ढकलत न्यायची किंवा गाडीत टाकायची. चढही पेडल मारून चढायचा म्हटल्यावर गिअर आले, आणि त्यांच्यासोबत हँडलवरचे अंगठ्याने सरकवायचे शिफ्टर आले.

त्या शिफ्टरला खाचा नव्हत्या. चेन चकतीवर बसल्याचा आवाज ऐकून अंगठा थांबायचा. तार थोडी सैल झाली किंवा अडकू लागली, तरी अंगठा तेवढं जास्त सरकून भरून काढायचा. मला या काळाबद्दल फार आदर आहे, कारण तारेचे सगळे दोष तेव्हा चालवणाऱ्याचा हात सांभाळून घ्यायचा.

१९८४ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने ड्युरा-एस या रेसिंग सायकलच्या भागांच्या संचात खाचांची इंडेक्स पद्धत आणली आणि काही वर्षांतच ती माउंटन बाइकवरही आली. आता एक ‘टक’ म्हणजे एक गिअर. शिमानोच्या आठ गिअरच्या संचात एका टकेला तार साधारण २.८ मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलर सुमारे ४.८ मिलिमीटर सरकतो. तार अर्धा मिलिमीटर सैल पडली, तर डिरेलर जवळजवळ एक मिलिमीटर चुकतो. गिअर वाजायला तेवढं पुरे. बारा चकत्यांच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या गठ्ठ्यात, तर चकत्या आणखी जवळ.

म्हणून आउटरही बदलावं लागलं. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबाखाली किंचित आखडते. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी असतात, त्यामुळे लांबी टिकते. कापलेल्या टोकाकडे निरखून पाहिलं की फरक लगेच दिसतो. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नये. जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं.

तारेला सढळ हाताने ग्रीस लावायची सवय आपल्याकडे अजून आहे. आउटरमध्ये प्लास्टिकचं अस्तर नव्हतं, तेव्हा ते बरोबरच होतं. आता अस्तर असतं, आणि घट्ट ग्रीस त्यात धूळ धरून बसतं.

फ्रेमवर आउटर अडकवायच्या टोप्यांना खाच असेल, तर काम सोपं आहे. चेन सर्वात मोठ्या चकतीवर घ्या, पेडल थांबवा, शिफ्टर शेवटपर्यंत सोडा. तार ढिली पडते आणि आउटर खाचेतून निघतं. ते सरकवून आत लपलेली तार कोरड्या फडक्याने पुसा. फडक्यावर तांबूस-काळा पट्टा उमटला की अडचण कुठे होती ते कळतं.

शिफ्टरमधलं टोकही तपासायला हवं. तिथे तार अगदी कमी जागेत वळते आणि तिचे धागे एकेक करून तुटतात. माझी तार एका घाटात तशीच गेली. स्प्रिंगने चेन सर्वात लहान चकतीवर नेऊन टाकली, म्हणजे चढाला सगळ्यात जड गिअर. पुढचा घाट मी सायकल ढकलत चढलो. घरी शिफ्टर उघडला, तर आत गवताच्या कुसळासारखे पाच-सहा धागे उभे होते.