रिमला भोकं पाडून सायकल हलकी होते व्हय?

सात रस्त्याजवळ परवा एक पोरगा सायकलच्या रिमला स्पोकच्या मधे मधे ड्रिलनं भोकं पाडून घेत होता, म्हणे वजन निम्मं होतंय आणि ताकद तेवढीच राहते. कुठलं निम्मं ओ! हिशोब करा की, १ मिमी जाड स्टीलच्या पत्र्याला ६ मिमीचं भोक पाडलं की ०.२२ ग्रॅम जातं, ३६ भोकांचे मिळून ८ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. अ‍ॅल्युमिनियमला तर त्याचा तिसरा हिस्सा. बरं, भोकाच्या कडेला ताण जवळपास तिप्पट होतो, चाक फिरताना तो सारखा कमी-जास्त होत राहतो, आणि ड्रिलची खरबरीत कड तशीच सोडली की चीर तिथनंच सुरू. फॅटबाईकच्या, म्हणजे जाडजूड टायरच्या सायकलच्या, रिमला मोठी भोकं असतात खरी, पण ती रिम बनवतानाच हिशोबानं ठेवलेली, अंदाजपंचे नाही.