इन्व्हर्टर (विद्युत मोटारगाडीतील)

बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे मोटरला लागणाऱ्या त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे साधन. ब्रेक लावताना ते उलट काम करते व मोटरमध्ये निर्माण झालेली वीज बॅटरीकडे परत पाठवते. बॅटरी न वाढवता पल्ला (एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर) वाढवायचा, तर येथील उष्णतारूपी ऱ्हास कमी करणे हा एक खात्रीचा मार्ग होय.

यातील स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. सिलिकॉनच्या आयजीबीटी या अर्धवाहक स्विचमध्ये बंद होताना प्रवाह क्षणभर रेंगाळतो; शिवाय अल्प भारावरही ठरावीक व्होल्टता खर्ची पडते. सिलिकॉन कार्बाइडच्या (सिलिकॉन व कार्बन यांचे संयुग) मॉसफेट या स्विचमध्ये हे दोष नाहीत, म्हणून त्याचा लाभ पुण्याच्या सिंहगड रस्त्यासारख्या संथ वाहतुकीत विशेष दिसावा. पल्ल्यातील वाढ ५ ते १० टक्के सांगितली जाते; खालचा आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

सिलिकॉन कार्बाइडच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८२४ च्या सुमारास सिलिकॉन-कार्बन बंध सुचविला असे मानतात, परंतु पदार्थ म्हणून त्याची ओळख व उत्पादन अमेरिकन संशोधक ॲचिसन यांच्याकडे (१८९१) जाते. ते कृत्रिम हिऱ्याच्या शोधात होते. हाती आलेले स्फटिक कार्बन व कोरंडम (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण खनिज) यांचे संयुग असावे अशा समजुतीने त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. नाव चुकीच्या तर्कावर बेतलेले असले, तरी श्रेय त्यांना देणेच सयुक्तिक दिसते. मोटारीत सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचच्या चाचण्या टोयोटाने २०१५ मध्ये घेतल्या. मोठ्या उत्पादनातील पहिला वापर सामान्यतः टेस्ला मॉडेल ३ चा (२०१७) धरतात.

सिलिकॉन कार्बाइडचा चार्जिंगशी संबंध व्होल्टतेमुळे येतो. ४०० ऐवजी ८०० व्होल्ट घेतल्यास तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि त्याच केबलमधील उष्णता एक चतुर्थांशावर येते. इतक्या व्होल्टतेवर कार्बाइडचे स्विच विशेष सरस ठरतात. पोर्शे टायकानने (२०१९) ही रचना रूढ केली. बॅटरीच्या सेलची उष्णता व जलद चार्जिंगमध्ये सेलच्या विद्युतअग्रावर धातुरूप लिथियम साचणे या मर्यादा मात्र कायम राहतात.

पुण्यात वेताळ टेकडीवरील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था (स्थापना १९६६) पल्ल्याचे प्रमाणन करते. रांजणगावच्या टाटा नेक्सॉन ईव्हीला (२०२०) ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीवर ३१२ किमी., तर चाकणला जुळणी झालेल्या मर्सिडीज ईक्यूएस ५८० ला (२०२२) ८५७ किमी. असा प्रमाणित पल्ला मिळाला. हे सुधारित भारतीय चालनचक्रावरील (चाचणीसाठी ठरवून दिलेल्या वेगक्रमावरील) आकडे असून त्यात कमाल वेग ताशी ९० किमी.च आहे, द्रुतगती मार्गावर ते गाठण्याची अपेक्षा धरू नये. बोरघाटात ५०० मी. चढताना दीड टनाच्या मोटारीला नुसत्या उंचीसाठी सुमारे २ किलोवॅट-तास लागतात. उतरताना यातील काही भाग इन्व्हर्टरमार्गे परत मिळतो.