विनिमय सत्र

आपल्या महाविद्यालयातले नाव कायम ठेवून पदवीचे एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकायचे आणि तिथे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) परत येऊन आपल्याच पदवीत जमा करून घ्यायचे, या पद्धतीला विनिमय सत्र म्हणतात. सातारा-सांगलीकडची मुले ‘एक्सचेंजला चाललोय’ म्हणतात आणि घरचे ‘परदेशी शिकायला चाललाय’ असे सांगतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झालेले बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते तिथली पदवी घेण्यासाठी. विनिमयाचा विद्यार्थी पदवी इथलीच घेतो. त्यामुळे तिथले श्रेयांक इथल्या गुणपत्रकावर चढले तरच त्याचे सत्र पदरात पडते.

युरोपात ही पद्धत रुळली ती १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळे. दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार असतो, विद्यार्थी नेहमीची फी आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि यजमान विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाही. राहणे, जेवण, विमा आणि प्रवास मात्र ज्याचा त्याने बघायचा. सांगलीचे वालचंद (१९४७) किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी (१९६०) यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांत कोणता विषय कशाच्या बदली धरायचा हे त्यांचे स्वतःचे अभ्यासमंडळ ठरवू शकते. शिवाजी विद्यापीठाशी (१९६२) केवळ संलग्न असलेल्या महाविद्यालयांना तीच मान्यता कोल्हापूरहून आणावी लागते, आणि तिला लागणारा वेळ विद्यार्थ्याने आधीच हिशेबात धरलेला बरा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. त्याच्या एका बाजूला तिथला विषय आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बदली इथे धरला जाणारा विषय लिहितात. युरोपीय पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक असतात, आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४०, म्हणजे सत्राला २०. हे तीनास दोन प्रमाण धरले की तिथला ६ श्रेयांकांचा विषय इथे ४ चा होतो. यजमान विद्यापीठ, विद्यार्थी आणि आपले महाविद्यालय अशा तिघांच्या सह्या झाल्या की कागद पक्का होतो. पण तिथे पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एखादा विषय बदलावा लागतो, कारण दोन तास एकाच वेळी येतात किंवा इंग्रजीत असेल असे वाटलेला वर्ग जर्मनमध्ये निघतो. अशा वेळी बदलाचा अर्ज भरून पुन्हा सह्या घ्यायच्या असतात. तेवढे राहून गेले, तर उत्तीर्ण झालेला विषयही इथे धरला जात नाही आणि मुलगा हुशार असून एटीकेटीच्या यादीत येतो.

दुसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती कागदावर चटकन दिसत नाही. आपल्याकडे विषम सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या मागे-पुढे संपते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च चालते, त्यातले वर्ग फेब्रुवारीच्या मध्याला संपतात आणि त्यानंतर परीक्षा येतात. म्हणजे तिथले एक सत्र इथल्या दोन सत्रांचे लचके तोडते. स्वीडनचे शरद सत्र ऑगस्टअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. आपल्या कॅलेंडरला ते अधिक जुळते. देश निवडताना आधी हे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पैशाचेही तसेच. जर्मनीच्या व्हिसासाठी दरमहा ९९२ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर) या हिशेबाने रक्कम बहुधा गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) आधी दाखवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे पाच लाखांच्या वर. ही रक्कम जुलै-ऑगस्टमध्ये उभी करायची असते, तर वाळवा, पलूस किंवा कराडच्या शेतकरी घरात उसाचे बिल येते ते गळीत हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर. मधल्या तीन-चार महिन्यांसाठी दागिने पतसंस्थेत जातात. ऊस शेतात उभा असताना केवळ तारखा जुळत नाहीत म्हणून एखादी मुलगी मागे राहावी, ही या पद्धतीतली सर्वांत दुखरी बाजू आहे. महाविद्यालयाने नामांकन सहा महिने आधी जाहीर केले तर हीच जुळवाजुळव मागच्या हंगामाच्या बिलातून होऊ शकते.

गुणांचा घोळही आधीच समजून घ्यावा. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे नापास. तिकडे प्रचलित असलेल्या सूत्राने दहापैकी ८.२ सीजीपीए रूपांतरित करून पाहू. उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर १० मधून ८.२ वजा जाता १.८ उरतात. त्यांना १० आणि ४ मधल्या ६ ने भागून ३ ने गुणले आणि १ मिळवला की १.९ येतात. उलट दिशेचे कोष्टक महाविद्यालयाने जाण्याआधी लेखी द्यावे. परतल्यावर खिडकीवर विचारत बसण्यात महिने जातात.

तिथली दैनंदिनी थोडक्यात अशी. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. वर्गाला बसणे पुरेसे नसते, परीक्षेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत काटेकोर असते. दूध व दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून तूप घरीच ठेवावे आणि कंदी पेढ्यांचाही धोका पत्करू नये. हळद, कांदा-लसूण मसाला आणि सांगलीचे भडंग मात्र खुशाल न्यावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचे अंतर साडेचार होते. रात्री नऊला आई जेवायला बसून फोन लावते तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात आणि मुलगा प्रयोगशाळेत असतो. हे आठवड्याभरात घरात अंगवळणी पडते.

विनिमय या शब्दात येणे आणि जाणे दोन्ही आहे. करारात तिकडच्या विद्यार्थ्यासाठीही जागा असते आणि ती भरण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. कासचे पठार ज्या पश्चिम घाटात येते तो २०१२ पासून जागतिक वारसा आहे. ‘कमवा आणि शिका’ ही रयत शिक्षण संस्थेची (१९१९) पद्धत शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने सहा महिने राहून पाहावी अशी आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुरेसा आहे. धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपांचा जगभर अभ्यासला जाणारा हा नमुना असून त्याच्या मुळाशी जाण्यासाठी खोल विंधन घेणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. तिकडच्या एखाद्या मुलीच्या लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये कराडचा विषय लिहिला जावा, यासाठी इथल्या अभ्यासमंडळांनी तो विषय इंग्रजीत, ६ युरोपीय श्रेयांकांचा, आधी मांडून ठेवायला हवा.