शंभर टक्के यशाचे गणित

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात आणि नवी मुंबईत वाशीपासून बेलापूरपर्यंत खासगी रुग्णालये जशी वाढली, तशी त्यांच्या यशाची टक्केवारी सांगणारी जाहिरातही वाढली. फलकावर ९९ किंवा १०० टक्के यश असते, मोबाइलवर पावणेपाच तारे असतात आणि आईच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय निवडणारा मुलगा या दोन आकड्यांवरच निर्णय घेतो. हे आकडे खोटेच असतात असे नाही. ते खरे असूनही त्यांतून फारसे काही कळत नाही, ही खरी अडचण आहे.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी, याची चौकट मूळच्या बैरुतच्या अव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तिचे तीन भाग आहेत. अतिदक्षता विभागातील खाटा व यंत्रे ही रचना, शस्त्रक्रियेच्या चिरेआधी तासाभरात प्रतिजैविक दिले गेले की नाही ही प्रक्रिया आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला की नाही हा परिणाम. आपल्याला जाणून घ्यायचा असतो तो परिणाम, आणि नेमका तोच वाचायला सर्वांत कठीण असतो.

का, ते एका हिशेबातून दिसेल. एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेत सरासरी ४ टक्के रुग्ण दगावतात आणि सर्व रुग्णालयांचे कौशल्य अगदी सारखे आहे, असे समजू. वर्षाला अशा ५० शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात दोन मृत्यू अपेक्षित आहेत. एकही मृत्यू न होण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९६ ला त्यानेच गुणत पन्नासावा घात काढावा लागतो. उत्तर साधारण ०.१३ येते. म्हणजे अशा आठ रुग्णालयांपैकी एकाला त्या वर्षी निव्वळ योगायोगाने ‘शंभर टक्के यश’ मिळेल. याच हिशेबाने चार किंवा त्याहून अधिक मृत्यू होण्याची शक्यता साधारण ०.१४ आहे, म्हणजे सातांपैकी एका रुग्णालयाचे मृत्युप्रमाण सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक दिसेल. कौशल्यात कणभर फरक नसताना एकाचा फलक लागेल आणि दुसऱ्याची बदनामी होईल.

अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, ही समजूत बरेचदा अशाच लहान आकड्यांवर पोसली जाते. वाईट वर्ष गेलेल्या ठिकाणी सत्यनारायण घातला किंवा महागडा व्यवस्थापन सल्लागार नेमला, तर पुढच्या वर्षी आकडा बहुधा सुधारतोच, कारण टोकाला गेलेला आकडा पुढच्या मोजणीत सहसा सरासरीकडे परततो. श्रेय मात्र पूजेला किंवा सल्लागाराला मिळते. दोघांच्या दक्षिणेत फरक असतो, एवढेच.

या गोंधळातून वाट काढणारी जी आकृती मला संख्याशास्त्रातील अत्यंत देखण्या आकृत्यांपैकी एक वाटते, ती म्हणजे नरसाळे-आलेख. आडव्या अक्षावर शस्त्रक्रियांची संख्या, उभ्या अक्षावर मृत्युप्रमाण आणि प्रत्येक रुग्णालय म्हणजे एक ठिपका. मधोमध सरासरीची सरळ रेघ असते. तिच्या वर आणि खाली, केवळ योगायोगाने ठिपके कुठवर भरकटू शकतात, त्याच्या सीमारेषा काढतात. सरासरी मृत्युप्रमाणाला ‘प’ आणि शस्त्रक्रियांच्या संख्येला ‘न’ म्हटले, तर प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाने आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो याचे माप, हे ‘प’ × (१ − ‘प’) ÷ ‘न’ या राशीचे वर्गमूळ होय. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन विचलने घेतली, तर ५० शस्त्रक्रियांसाठी सीमा शून्यापासून सुमारे साडेनऊ टक्क्यांपर्यंत पसरते. १००० शस्त्रक्रियांसाठी ती २.८ ते ५.२ टक्के एवढी आक्रसते. वर्गमूळामुळे सीमा निम्म्यावर आणायला शस्त्रक्रिया चौपट लागतात, म्हणून रेषा आधी झपाट्याने आणि मग संथपणे जवळ येतात आणि आडव्या ठेवलेल्या नरसाळ्याचा आकार तयार होतो. दोन विचलनांच्या सीमेबाहेर शंभरातील साधारण पाच निर्दोष रुग्णालयेही पडतील; म्हणून धोक्याची घंटा सहसा तीन विचलनांवर वाजवतात, जिथे हे प्रमाण हजारात तीनच्या आसपास उरते. (मृत्यू मोजकेच असतील तेव्हा हे सूत्र ढोबळ ठरते आणि वर ५० शस्त्रक्रियांसाठी केला तशा थेट शक्यतांच्या हिशेबाने, म्हणजे द्विपद वितरणाने, नेमक्या सीमा काढाव्या लागतात.) सीमांच्या आतील ठिपक्यांना पहिला, सातवा, विसावा असे क्रमांक देण्यात काहीही अर्थ नसतो. बाहेर पडलेल्या ठिपक्याची मात्र चौकशी करावीच लागते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील बालहृदय-शस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या काळात, देशातील इतर केंद्रांच्या तुलनेत, एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या चौकशीसाठी आकडेवारी तपासणाऱ्यांत असलेले संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी पुढे रुग्णालयांच्या तुलनेसाठी नरसाळे-आलेखाचा आग्रह धरला.

अर्थात सगळ्या रुग्णालयांत सारखेच रुग्ण येत नाहीत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून उशिरा पाठवलेले रुग्ण घेणारे सरकारी रुग्णालय आणि निवडक रुग्ण दाखल करणारे खासगी रुग्णालय यांचे कच्चे मृत्युप्रमाण शेजारी मांडणे अन्यायाचे आहे. म्हणून प्रत्येक रुग्णाचे वय, मूत्रपिंडांची स्थिती, शस्त्रक्रियेची तातडी यांवरून त्याचा धोका आधी काढतात, त्यांच्या बेरजेतून अपेक्षित मृत्यू मिळतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागतात. न्यू यॉर्क राज्याने हृदयशस्त्रक्रियांचे असे जोखीम-समायोजित आकडे जाहीर केले. १९८९ मध्ये ४.१७ टक्के असलेले मृत्युप्रमाण १९९२ मध्ये २.४५ टक्क्यांवर आले. काही शल्यविशारद अतिधोक्याचे रुग्ण टाळू लागले, हा आक्षेपही तेव्हाच निघाला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय मानांकन घेणारी रुग्णालये गुणवत्तेचे निर्देशक नोंदवतात खरी, परंतु ते असे नावानिशी लोकांपुढे मांडण्याची सक्ती नाही. ती असायला हवी, असे माझे मत आहे.

मृत्यू टळला म्हणजे सेवा चांगली झाली, असेही नव्हे. रुग्णाला काय अनुभव आला, हे विचारण्याची रीत मात्र नेमकी असावी लागते. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला, विशेषतः डॉक्टर समोर उभे असताना, बहुतेक जण होच म्हणतात. त्याऐवजी ‘नवीन औषधाचे दुष्परिणाम तुम्हाला समजतील अशा भाषेत कोणी सांगितले का?’ असे विचारले, तर सुधारणा नक्की कुठे करायची, ते कळते. तारे देण्याच्या पद्धतीत हे साधत नाही. शिवाय तारे कोणी द्यायचे हे रुग्णालयाने ठरवलेले नसले, तरी अत्यंत खूश आणि अत्यंत संतापलेले लोकच प्रामुख्याने लिहितात.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ऑक्सफर्डमध्ये १९९८ साली तयार झालेली बारा प्रश्नांची मोजपट्टी या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. उत्तरे रुग्णाची, डॉक्टरांची नव्हेत. गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, एकट्याने बाजारहाट करता येते का, जिना उतरता येतो का, असे तिचे प्रश्न आहेत. मांडी घालून जेवायला बसणे तिच्यात नाही, आणि ठाणे स्थानकाचा पूल गर्दीच्या वेळी चढणेही नाही. आपल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हेच करायचे असते. तरी दोन प्रश्न नुसते जोडून भागत नाही: प्रकृती बदललेली नसताना तोच रुग्ण दोन आठवड्यांनी तेच उत्तर देतो का, आणि खरोखर सुधारणा झाल्यावर गुण वाढतात का, हे पुरेशा रुग्णांवर पडताळल्यानंतरच अशा प्रश्नावलीचे गुण नरसाळे-आलेखावर मांडण्याजोगे होतात.