वनस्पतींचे अर्क आणि हृदयाची लय : पार्श्वभूमी

डिजिटॅलिस हे फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीपासून मिळणारे हृदयाचे औषध; विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्ये त्याच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. मात्रा जरा वाढली की तेच औषध ठोके बिघडवते. सिंकोनातले क्विनिडीन आणि सर्पगंधेतले अजमलीन ही लय सावरणारी औषधेही झाडांनीच दिली. पूर्वी असे परिणाम तपासायला बेडकाचे किंवा सशाचे हृदय काढून त्यात क्षारद्राव खेळता ठेवत आणि फिरत्या कागदावर ठोके उमटवून घेत.

औषध हृदयाची लय बिघडवेल का, याच्या आजच्या तपासणीला वळण मिळाले ते १९९०नंतर. टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे औषध घेणाऱ्या काहींच्या ईसीजीत क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विद्युतदृष्ट्या उत्तेजित होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबले, ठोके भरकटले, मृत्यूही झाले. पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारे हर्ग चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातली एक वाट, या औषधाने अडत होते. मग २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली आणि हर्ग चाचणीला (बशीतल्या पेशींवर औषध टाकून हे चॅनेल किती अडते ते पाहणे) नव्या औषधाच्या वाटेवर पहिल्या चौकीचे स्थान मिळाले.

अर्कांनाही हीच चौकी लावावी का, हा खरा वादाचा मुद्दा. निकष आखले गेले एका शुद्ध रेणूसाठी : या चॅनेलमधला निम्मा प्रवाह औषधाच्या किती संहतीला अडतो आणि रक्तात औषध किती असते, यांची तुलना. अर्कात घटक असंख्य, त्यामुळे आकडा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देऊन भागवावे लागते. त्यातले आतड्यातून रक्तात काय पोचेल, हे बशीतली पेशी सांगू शकत नाही. शिवाय व्हेरापामील हर्ग अडवते, पण कॅल्शियमचा प्रवाहही रोखते, म्हणून क्यूटी लांबल्यानंतरचा तो जीवघेणा लयबिघाड सहसा घडवत नाही. एका रेणूत अशी वजाबाकी होते, तर मिश्रणात ती गृहीतच धरायला हवी.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. बचनाग या विषारी वनस्पतीच्या मुळातले ॲकोनिटीन मुख्यतः सोडियम चॅनेल उघडेच ठेवते. केवळ हर्गकडे पाहणाऱ्याच्या नजरेतून मुख्य धोकाच निसटेल. हेच मूळ बराच वेळ उकळले की ॲकोनिटीनचे विघटन होऊन विषारीपणा पुष्कळ घटतो. म्हणून नमुना कच्च्या मुळाचा की शोधित (प्रक्रिया करून विष कमी केलेल्या) मुळाचा, अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, हे न लिहिता दिलेला निकाल माझ्या मते अपुराच.

२०१३पासून अनेक चॅनेल एकत्र तपासणे, संगणकी प्रारूपे आणि मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशी यांवर भर आला. अर्कांसाठी ही दिशा अधिक रास्त आहे. मात्र २००५च्या तत्त्वांना २०२२ मध्ये जोडलेल्या खुलाशांतही विचार मुख्यतः एका रेणूच्या औषधाचाच आहे.